रुमाल टाकलेला माळ

एका हातरुमालाला घाबरून मी भर कार्यक्रमात मागे सरलो आहे. त्यात विंचू नव्हता, साप नव्हता, काहीसुद्धा गुंडाळलेलं नव्हतं. तरी माझ्यासारखा भरभक्कम माणूस एक पाऊल मागे आला आणि त्या रुमालाला म्हणाला, "माफ करा." हे कसं झालं ते सांगण्याआधी मास्तरांची ओळख करून द्यायला हवी, कारण माझ्या उतारवयातल्या बहुतेक फजित्यांच्या मागे तेच उभे असायचे, हाताची घडी घालून, तोंडावर इस्त्री केलेला गंभीर चेहरा लावून.

मास्तर शाळेचे नव्हेत, एसटीचे. आमच्याकडे कंडक्टरलाही मास्तर म्हणतात आणि खरं तर त्यालाच ते जास्त शोभतं, कारण शाळेतल्या मास्तरांचं कुणी ऐकत नाही. मूळचे उंब्रजचे, नोकरी साताऱ्याला, आणि निवृत्त झाल्यावर आले ते थेट सासुरवाडीला, म्हणजे आमच्या रहिमतपुरात. लोक लग्नानंतर घरजावई होतात, हे निवृत्तीनंतर झाले. कुणी टोकलंच तर म्हणायचे, "गड्या, लाष्ट स्टॉपला उतरायचं असतंय. तितनं म्होरं रस्ताच न्हाई."

माझं म्हणाल, तर रहिमतपुरात फोटो फ्रेमचं दुकान आहे. पण दुकान हा बहाणा. खरा धंदा माइकचा. साखरपुडा, वाढदिवस, निवृत्ती, उद्घाटन, शोकसभा, जिथे चार खुर्च्या आणि एक माइक असेल तिथे सूत्रसंचालक मी. माइक सुरू आहे का बघायला लोक 'हॅलो, हॅलो' म्हणतात, मी प्रस्तावना करतो. या सेवेबद्दल पंचक्रोशीनं मला इतक्या शाली घातल्या आहेत की आमच्या कपाटाचा एक कप्पा त्यांनीच अडवला होता. मी अधूनमधून तो कप्पा उघडून नुसता बघायचो. बायको म्हणायची, "झालं का दर्शन? आता बंद करा, कसर लागंल."

तर असा मी, एका रविवारी सकाळी माळावर खुरपं घेऊन उभा होतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं हे एक कारण. दुसरं, तिथे पेपरवाले फोटो काढायला येतात असं ऐकलं होतं.

माळ रहिमतपूरपासून दुचाकीवर थोडं गेलं की एका वाडीच्या डोक्यावर आहे. थोडा वनखात्याचा, थोडा वाडीचं गायरान. एके काळी तिथे गुडघ्याएवढं गवत असायचं म्हणे. आम्ही गेलो तेव्हा सगळीकडे घाणेरीची काटेरी झुडपं माजली होती. कुणा एकाच्यानं ती हटणारी नव्हती, म्हणून सहा जणांनी मोट बांधलेली. वनखात्यानं परवानगी द्यायची, वाडीच्या ग्रामपंचायतीनं पाण्याचा टँकर द्यायचा, साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीनं खुरपी, हातमोजे आणि स्वतःचं नाव छापलेले टी-शर्ट द्यायचे. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी काय उपटायचं आणि काय नाही ते सांगायचं. आणि घाम आम्ही रविवारवाल्यांनी गाळायचा.

सहावी आक्का. माणदेशाकडून आलेली, मेंढरं घेऊन दर हिवाळ्यात या माळावर उतरणारी धनगर बाई. तिच्याशी करार तोंडी होता. आम्ही घाणेरी काढून गवताचं बी टाकायचं, ते बी पिकून झडेपर्यंत तिनं मेंढरं वर आणायची नाहीत. बी झडलं की माळ तिचा. घाणेरीखाली दरवर्षी गवत आक्रसत चाललं होतं, आणि गवत गेलं तर तिला हिवाळ्यात मेंढरं घेऊन कुठे जायचं हे ठाऊक नव्हतं. ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "आमी येत हुतो तवा ह्यो माळ हुता. आता नुसतं काटं हायत. तुमी गवात आणा, मी तोंड मिटून बसते." तोंड मात्र तिनं कधी मिटलं नाही.

या सगळ्या कारभाराची दोरी मास्तरांच्या हातात कुणी दिली ते आजही सांगता येत नाही. त्यांना गवतातलं काही कळत नव्हतं. मारवेल, पवना, कुसळी, बाई जीव तोडून सांगायच्या, मास्तरांच्या लेखी गवताचे दोनच प्रकार, हिरवं आणि वाळल्यालं. एकदा त्यांनी अख्खी सकाळ खपून पवन्याचा उत्तम पट्टा उपटून काढला आणि बाईंच्या पुढ्यात भारा टाकून शाबासकीची वाट बघत उभे राहिले. बाई खाली बसून एकेक मूळ परत मातीत खोचायला लागल्या. पण माणसं हलवावीत मास्तरांनीच. खुरप्यावर दगडानं दोनदा टकटक केलं की काम चालू, एकदा केलं की बंद. आपण सगळे एसटीत वाढलेले. दोन टोले ऐकले की पाय आपोआप चालायला लागतात.

"पुढं सरका, पुढं सरका. मागं घाणेरी तशीच हाय. आवं ताई, तुमी दारात उभं राहू नगा, वाट अडतीय."

दार कुठलं? उघडा माळ. पण ताई सरकायच्या.

कॉलेजची पोरं म्हणजे 'पासवाली'. कंपनीचे लोक वर्षातून एकदा टी-शर्ट घालून झुंडीनं यायचे, फोटो काढायचे आणि जेवायच्या आत जायचे. त्यांना मास्तर 'वडाप' म्हणायचे. जीप भरली की येणार, मर्जी झाली की जाणार, टाइमटेबल नाही. आणि मी? मी 'लगेज'. पहिल्याच दिवशी मला चढावर धापा टाकताना बघून ते बाईंना म्हणाले, "ह्यास्नी दीड तिकीट लागंल. पोटाचं निराळं."

माळाच्या कडेला एकच कडुलिंब आहे. मध्येच चहा व्हायचा तो त्याच्या सावलीत. सावली केवढी, तर एका बाकाएवढी. मी खालून वर पोचेपर्यंत ती भरलेली असायची. मास्तर माझ्याकडे बघून म्हणायचे, "जागा न्हाई. उभ्यानं यावं लागंल." मी उभ्यानं चहा प्यायचो. पेपरात फोटो आला तेव्हा त्यात सगळे बसलेले होते आणि मागे एक लिंब आणि एक पोट उभं होतं.

पक्ष्यांची त्यांची स्वतःची यादी होती. टिटवी म्हणजे 'चेकर', कारण ती कुठनंबी उगवती आन् वरडती. धाविक पक्षी चार पावलं पळतो, थांबतो, परत पळतो, म्हणून तो 'हात दाखवा गाडी थांबवा'. चंडोल गात गात वर चढतो आणि मग गपकन दगडासारखा खाली येतो. तो 'घाट सेक्शन'. बाई खरी नावं सांगून थकल्या. शेवटी एक दिवस कॉलेजातल्या कुणा पाहुण्यांना माळ दाखवताना बाईंच्याच तोंडून 'चेकर' निघून गेलं. त्या दिवशी मास्तरांनी सगळ्यांना स्वतःकडून भजी दिली.

आता रुमालाचा कायदा.

मास्तरांच्या मते माणूस माणसात आला तो रुमालामुळे. चाकाचा शोध लागला ठीक आहे, पण चाकावरच्या गाडीत जागा कुणाची, हे ठरल्याशिवाय काय उपयोग? उभी नोकरी त्यांनी जागेची भांडणं मिटवली होती आणि त्यातून एक पक्कं शास्त्र तयार झालं होतं. खिडकीतून आत टाकलेला रुमाल म्हणजे खरेदीखत. टोपीही तेवढीच, मात्र टोपीवाला दांडगा असेल तर जास्त. पेपर कमजोर, कारण कुणीही 'जरा वाचतो' म्हणून उचलतो आणि बूड टेकतो. चप्पल टाकणाऱ्याला जागा मिळते पण अब्रू जाते. घोंगडं टाकलं तर अख्खा बाक. आणि सगळ्यात भारी म्हणजे खिडकीतून आत सोडलेलं पोर, "कारण ते बोलतंय."

या शास्त्राचं मुख्य सूत्र ते बोट वर करून सांगायचे. "रुमालवाला दिसत न्हाई म्हणून जागा रिकामी म्हणायची न्हाई. तो खाली च्या प्यायला गेल्याला असतोय. येतोय."

मी हे विनोद म्हणून ऐकत होतो. एका उन्हाळ्यात कळलं की मास्तर विनोद करत नाहीत.

त्या दिवशी लिंबाखाली मला नेहमीप्रमाणे जागा नव्हती. मी म्हटलं, आज उभ्यानं नाही, आपण आपली सावलीबाहेरची एक स्वच्छ जागा बघू. जरा पुढे बारीक खड्यांचा सपाट तुकडा दिसला. मी कप सांभाळत, गुडघे कुरकुरवत खाली जायला लागलो. मी बसतो ते एका दमात होत नाही, टप्प्याटप्प्यानं होतं. निम्म्यावर आलो असेन तेवढ्यात मागून खुरप्याचा एक टोला आला आणि मास्तरांचा आवाज, "हां, तितंच ऱ्हावा. खाली न्हाई आन् वर बी न्हाई."

"का?"

"रुमाल दिसत न्हाई का?"

हातभर अंतरावर एक चौकटीचा रुमाल पडला होता, त्यावर खडा. आणि माझ्या बुडाच्या बरोब्बर खाली, खड्यांसारखीच दिसणारी, टिटवीची अंडी. मी खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखा तसाच थांबलो. डोक्यावर चेकर बोंबलत घिरट्या घालत होती. मांड्या थरथरत होत्या, कपातला चहा हिंदकळत होता, आणि कॉलेजची पोरं जमिनीवर लोळत हसत होती. शेवटी दोघांनी काखेत हात घालून मला उचललं.

"बघा की," मास्तर शांतपणे बाईंना म्हणाले, "हितं सीट रिझर्व हाय, तरी लगेज टाकत हुतं."

बाईंनी तेव्हा त्यांना झापलं. घरट्याशेजारी फडकं टाकलं तर कावळ्यांना आयती खूण मिळते, अंडी जातात. मास्तरांनी रुमाल उचलून चांगला लांब नेऊन ठेवला आणि म्हणाले, "बराबर हाय. चोराच्या म्होरं रुमाल टाकू नये." तेव्हापासून ते घरट्याच्या जवळ न टाकता पायवाटेवर टाकायचे. वाट त्या दिवसापुरती दुसरीकडून.

घाणेरी हटत गेली तसं गवत खरंच यायला लागलं. दिवाळीनंतर कुसळीनं सगळा माळ तांब्याच्या भांड्यासारखा तांबूस दिसायचा. मी त्यावर सूत्रसंचालनात वापरायला एक वाक्य तयार केलं होतं. ते वापरायची संधी आली, पण ज्या कार्यक्रमात आली तो कार्यक्रम त्या गवताच्या मुळावर येणारा होता.

एका पावसाळ्यात वाडीच्या देवळात बैठक झाली. वनखात्याचे नवे साहेब आले होते, तरुण, बोलायला गोड. वरून वृक्षारोपणाचा कार्यक्रम आला होता, कंपनी रोपं देणार होती, गुलमोहर आणि सप्तपर्णी. माळभर. साहेबांनी नकाशा पसरला आणि म्हणाले, "ही जागा रिकामी आहे."

बाई म्हणाल्या, "रिकामी नाही, ते गवताचं रान आहे. इथलं जंगल तुटलेलं नाही, इथे पहिल्यापासून गवतच होतं. खड्डे खणले, सावली धरली, तर गवत जाईल. त्यावरचे पक्षी जातील. आम्ही इतकी वर्षं केलेलं सगळं जाईल."

"मॅडम, पटतंय मला," साहेब म्हणाले. "पण झाडं लावू नका, असं मी वर कसं सांगू?"

खरंच आहे. झाडाला नाही म्हणणारा माणूस आपल्याकडे आईला नाही म्हणणाऱ्याच्या शेजारी बसतो. बाईंनी निरोप धाडून माणदेशातून बोलावलेली आक्का दारात उभी होती. ती म्हणाली, "सायेब, त्या सात पानाच्या झाडाला मेंढरू हुंगत बी न्हाई. दिवाळीला मी येणार, तवा खाली काय घालू? सावली?"

"आक्का, तुमच्यासाठी दुसरीकडे बघू."

"दुसरीकडं बी असंच बघत्यात."

आणि मी काय म्हणालो? अशा आणीबाणीच्या क्षणी या वृक्षप्रेमी, निसर्गप्रेमी, शालप्रेमी माणसानं काय भूमिका घेतली? मी विचारलं, "माइक वायरचा की बिनवायरचा?" सूत्रसंचालन मला दिलं होतं. प्रमुख पाहुणे साताऱ्याहून येणार होते. शाल नक्की होती.

मास्तर खांबाला टेकून बसले होते. उठताना फक्त नकाशाकडे बघून पुटपुटले, "रिकामी म्हणं."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी खात्याच्या माणसांनी माळावर चुन्याचे ठिपके मारून खड्ड्यांच्या जागा आखल्या. संध्याकाळी एक जोरदार सर आली आणि चुना वाहून गेला. मग ठरलं, ज्यानं त्यानं आपापली जागा बघायची, खड्डा काढायचा, रोप लावायचं. मास्तरांनी एवढं ऐकलं आणि वाडीतली घरं फिरायला निघाले.

सकाळी मी जॅकेट घालून निघालो. बायकोनं दारातून रोजचा मंत्र म्हटला, "पाकीट, मोबाईल, रुमाल?" मी खिसे चाचपले. रुमाल नव्हता. कपाट उघडलं तर कप्प्यात एकही रुमाल नव्हता. शालींच्या कप्प्याला कुलूप होतं. "धुवायला टाकल्यात सगळे," ती म्हणाली. "जा तसेच. तोंड पुसायची येळ आली तर बाही हाय की."

माळाच्या पायथ्याला मांडव होता. वाडी लोटली होती, कंपनीचं वडाप आलं होतं, शाळा आली होती. पाहुण्यांची भाषणं झाली, मी माझं तांब्याच्या भांड्याचं वाक्य वापरलं, मला शाल मिळाली. मग मी घोषणा केली की आता सर्वांनी हातात रोप आणि कुदळ घेऊन माळावर जावं आणि आपापली जागा निवडावी. लोक उत्साहानं वर चढले.

आणि थांबले.

सगळा माळ झाकलेला होता. रुमाल, टॉवेल, टोप्या, पंचे, उपरणी, पोरींच्या ओढण्या. प्रत्येकावर एक खडा. दोन पावलं टाकली की एक.

कुणी कुदळ उचलेना. म्हातारे, पोरं, बाया, सगळे रोपं कवटाळून कापडांच्या मधून वाट काढत होते, जसं भरलेल्या गाडीत शिरल्यावर माणूस एकेक सीट बघत मागे जातो.

"हितं कोण हाय गा?"

"असंल कुणीतरी. रुमाल हाय न्हवं?"

"आन् तितं?"

"तितं टोपी हाय."

वनरक्षकाला वाटलं, पंचायतीनं वाडीच्या लोकांसाठी जागा धरल्या. सरपंच म्हणाले, "आमी कशाला धरतोय, कंपनीनं धरल्या असत्याल, त्यांच्या सायबांस्नी." कंपनीचा माणूस म्हणाला, "आम्हाला वाटलं ही खात्याची पद्धत आहे." सहा जणांची भागीदारी, आणि प्रत्येकाची खात्री की रुमाल दुसऱ्या भागीदाराचा. इतक्या वर्षांत आमचं एवढं एकमत कधी झालं नव्हतं.

एका माणसानं एक टॉवेल उचलायला हात घातला. वाडीतल्या दोन म्हाताऱ्या एकदम म्हणाल्या, "आवं, उचलू नगा. भांडणं हुत्यात." त्यानं हात मागे घेतला. खुद्द प्रमुख पाहुणे रोप हातात धरून हळूच मला विचारत होते, "माझी जागा कुठली?" मी म्हटलं, या, मी दाखवतो. मी ऐटीत पुढे झालो, एक छान जागा हेरली, आणि पाय टाकणार तोच खाली एक पांढरा रुमाल दिसला. माझं पाऊल आपोआप मागे आलं. "माफ करा," मी म्हणालो. "इथं कुणीतरी आहे."

मग मी खाली वाकून नीट पाहिलं. रुमालाच्या कोपऱ्यावर निळ्या दोऱ्यानं भरलेलं माझं आद्याक्षर होतं.

मी मान वर केली. पलीकडे एक शाल. तिच्यापुढे दुसरी, गुलाबी काठाची, पतसंस्थेच्या उद्घाटनातली. त्यापुढे नाभिक संघटनेची. वर चढापर्यंत माझी उभी कारकीर्द अंथरलेली होती, प्रत्येक सत्कारावर एक खडा. आणि गर्दीत मुलांच्या घोळक्यापाशी बायको उभी होती, हातात रोप, नजर आभाळात.

तेवढ्यात टकटक झालं. दोन टोले.

"पुढं सरका, पुढं सरका. हितली गाडी फुल्ल हाय. रस्त्याच्या कडंला सीटा मोकळ्या हायत, वढ्याच्या काठाला हायत, शाळंच्या आवारात तर समद्या खिडकीच्या हायत. चला, पावनं, चला. हातात लगेज घिऊन वाटंत उभं राहू नगा."

आणि लोक सरकले. सगळे. पाहुणेही सरकले, मीही सरकलो. दुपारपर्यंत सगळी रोपं रस्त्याच्या कडेला, ओढ्यावर आणि शाळेभोवती लागली. तिथे सावली हवीच होती. आज त्या गुलमोहराखाली पोरं गाडीची वाट बघत बसतात.

साहेब मात्र माळावरच थांबले होते. त्यांना एव्हाना सगळं कळलं होतं. ते मास्तरांच्या जवळ आले. आम्हाला वाटलं, आता मास्तरांची धडगत नाही.

"हे रुमाल कुणाचे?" साहेबांनी विचारलं.

"येत्याली सायेब. खाली च्या प्यायला गेल्यात."

"किती वेळ लागेल त्यांना चहाला?"

"दिवाळीपातूर येत्याल समदी."

साहेबांनी खिशातून आपला घडीचा रुमाल काढून कपाळ पुसलं आणि खाली उतरून गेले. तो रुमाल त्यांनी टाकला असता तर गोष्ट फार छान झाली असती, पण तसं काही झालं नाही. त्यांनी तो खिशात ठेवला.

दिवाळीनंतर एका रविवारी मात्र ते एकटेच आले. कुसळी तांबूस झाली होती. बी झडलं होतं, आक्काची मेंढरं चढावर पसरली होती. घाट सेक्शन गात गात वर चढत होता. साहेबांनी मास्तरांना विचारलं, "बसले का सगळे?"

"बसली. आता उभ्यानं बी जागा न्हाई."

पुढच्या पावसाळ्यात खात्याकडून रोपं आली नाहीत. साहेब बाईंकडे गवताचं बी मागायला आले.

मास्तर त्या विजयावर बराच काळ मिजास करत राहिले. पण बाईंनी त्यांना फार चढू दिलं नाही. त्या धांदलीत त्यांनी एक टॉवेल घाणेरीच्या झुडपावर टाकला होता. नंतर ते झुडूप कुणीच उपटेना, रुमाल टाकलाय म्हणून. मास्तरही उपटेनात. कायदा म्हणजे कायदा. ती घाणेरी वर्षभर सुखानं फुलली आणि शेवटी आक्कानं येऊन टॉवेल ओढून घेतला, "माझाच हाय ह्यो," म्हणाली, आणि झुडूप मुळासकट काढून टाकलं. माझ्या शालींतली गुलाबी काठाची तिच्या एका आजारी कोकराला गेली. बायको म्हणाली, "पहिल्यांदा त्या शालीखाली कुणीतरी गप बसलं."

मास्तर सांगून ठेवायचे, "माझा स्टॉप आला की मी न सांगता उतरणार. गाडी थांबवायची न्हाई." तसेच गेले, गेल्या उन्हाळ्यात, दुपारच्या झोपेत. शोकसभा वाडीच्या देवळात झाली. माइक अर्थात माझ्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा मला प्रस्तावना करता आली नाही, नुसतं 'हॅलो' म्हणून खाली बसलो. मग सरपंच उठले, डोळे पुसत म्हणाले, "मास्तरांची आठवण म्हणून माळाच्या मधोमध वड लावायचा. भवतीनं कट्टा, पाटी. पहिला पाऊस झाला की लगीच." देवळातल्या सगळ्यांनी माना हलवल्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बाईंकडे पाहिलं. मेलेल्या माणसाच्या नावाच्या झाडाला नाही कोण म्हणणार? मी माइक उचलला आणि सवयीनं म्हणालो, "टाळ्या."

वडाच्या मागून कट्टा येतो, कट्ट्याच्या मागून पत्रा, पत्र्याच्या मागून भेळेची गाडी. ते मास्तरच सांगायचे, स्टँड असेच तयार होतात म्हणून. कार्यक्रमाच्या दिवशी मी पहाटेच उठलो. बायको दारात उभी होती.

"पाकीट?"

"हाय."

"मोबाईल?"

"हाय."

तिसरं तिनं विचारलं नाही. हातातच दिला. पांढरा, निळ्या अक्षराचा.

मी माळावर पोचलो तेव्हा उजाडत होतं. माळाच्या मधोमध सरपंचांनी आदल्या दिवशी काठी रोवून जागा धरली होती. धापा टाकत तिथे गेलो, खिशात हात घातला आणि बघत राहिलो.

काठीच्या बुडाशी बाईंचा बारीक नक्षीचा रुमाल होता. त्याच्या शेजारी एक पांढरा, कडक इस्त्रीचा, साहेबांच्या खिशातला, तो मी ओळखला. त्यापलीकडे कंपनीचा टी-शर्ट, वडापसुद्धा वेळेत आलं होतं. एक टॉवेल होता, त्याच्या कोपऱ्यावर सरपंचांच्या दुकानाचं नाव. आणि या सगळ्यांच्या भोवती, ऐसपैस, आक्काचं काळं घोंगडं पसरलेलं. अख्खा बाक. दिवाळीशिवाय माळावर पाय न ठेवणारी बाई, कुठून कशी आली होती कुणास ठाऊक, लिंबाखाली तंबाखू मळत बसली होती.

जरा वेळानं सरपंच वडाचं रोप घेऊन वर आले. काठीपाशी थांबले, स्वतःच्याच टॉवेलाकडे पहिल्यांदा बघितल्यासारखं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आयला, हितं तर कुणीतरी हाय."

"मग उभं का ऱ्हायलाय?" आक्का लिंबाखालनं म्हणाली. "रस्त्याच्या कडंला जावा. पुढं सरका."

सरपंच सरकले. मी तिथेच होतो. मी सगळीकडून फिरून पाहिलं, पण माझा रुमाल टाकायला तिथे बोटभर जागा उरली नव्हती. मग मी तो घडी करून खिशात ठेवला आणि मास्तरांच्या गाडीत नेहमी असायचो तसाच उभा राहिलो.